अकरा गावांतून शब्द परत घेताना

मी आयुष्यभर न पाहिलेल्या वस्तूंची तारीफ केली. आमच्या धंद्याची रीतच तशी, आधी आवाज जातो आणि मागून माल येतो. जे तेल मी डोक्याला कधी लावलं नाही त्यानं केस कमरेखाली येतात असं मी मेहकरच्या आजूबाजूच्या खेड्याखेड्यांत छातीठोक सांगितलंय, आणि माझी स्वतःची वेणी शेवटपर्यंत उंदराच्या शेपटीएवढीच राहिली. नाती विचारतात, आजी, खोटं बोलायला लाज नव्हती का वाटत? लाज नाही गं बाई, भीती वाटायची. जाहिरात सांगून टांगा गावाबाहेर पडला की एकच घोर. माल आलाच नाही तर? आला आणि भिकार निघाला तर? कंपनीचा मालक कुठे मुंबईत-नागपुरात बसलेला, लोकांच्या ओळखीचा आवाज तर माझाच ना!

हे सांगतेय ते महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाचं. जाहिरात म्हणजे रंगीत कागद, सिनेमातल्या बायांचे फोटो, असं शहरात असेल. आमच्याकडे जाहिरातीच्या दोनच जाती होत्या, बोललेली आणि लिहिलेली. बोललेली माझी होती.

खरं तर माझ्या बाबांची. बाबा मूळचे दवंडीवाले. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांची नातवंडं माझ्या नातवंडांबरोबर शिकतात. मेहकरहून जानेफळकडे जाताना लागतं एवढं पुरे. कोणाची गाय हरवली, कुठली पट्टी कधी भरायची, सगळं बाबांनी डफडं वाजवत सांगत फिरायचं, आणि वर्षाकाठी खळ्यावर सुपात पडेल ते धान्य उचलायचं. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी बाबांनी डफडं गावच्या मालकांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि म्हणाले, “आजपासून गावकी बंद.” बिऱ्हाड बैलगाडीत टाकून मेहकरला आले. पण त्यांना येत काय होतं? आवाज! तोच त्यांनी इभ्रतीनं विकायला काढला. एक ॲम्प्लिफायर, मोटारीची बॅटरी, एक कर्णा, ज्याला आम्ही भोंगा म्हणायचो, आणि रहीमचाचांचा टांगा. दारावर पाटी होती, ‘येथे जाहिरात सांगितली जाईल’. तेवढीच.

सात-आठ वर्षं बरी गेली. मग बाबांचा घसा बसला तो उठलाच नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं बंद करा, नाहीतर कायमचं बंद होईल. आई आधीच गेलेली. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक नापास, नखशिखांत भित्री. पण पोट कोणासाठी थांबतं? टांग्याच्या मागच्या बाजूला चादर बांधली आणि तिच्याआड बसून मी माईक हातात घेतला. चादर माझ्या लाजेसाठी नव्हती. पोरगी बोलते आहे हे दिसलं की लोक जाहिरात ऐकायचं सोडून पोरगी पाहतात, हे चाचांनी पहिल्याच गावात ओळखलं.

धंदा सोपा नाही बरं का. भोंगा वाऱ्याच्या दिशेनं ठेवायचा, वाऱ्याला तोंड करून नाही. आधी दोन मिनिटं गाण्याची तबकडी, म्हणजे बाया चुलीपुढून उठून दारात येतात. मग वस्तूचं नाव तीनदा, सावकाश, कारण भोंग्याचा आवाज समोरच्या भिंतीवरून परत येतो आणि घाई केली तर तुमचं दुसरं वाक्य तुमच्याच पहिल्या वाक्यावर आपटतं. किंमत शेवटी. आणि ‘कृपा करून’ वगैरे म्हणायचं नाही. बाबा म्हणायचे, “विनंती करू नोको, इंदू. खबर दे.”

लिहिलेल्या जाहिरातीचा मालक होता सुदाम पेंटर. सुलतानपूरचा, आमच्यातलाच. चुना, नीळ, गेरू आणि सरस एवढ्या सामानावर त्यानं सगळा रस्ता व्यापून टाकला होता. त्याची युक्ती अशी की गिऱ्हाईक मिळण्याआधीच तो बाजारातून परतणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर येणारी भिंत पाहायचा, घरमालकाला विडी-काडी द्यायचा आणि भिंतीवर चुन्याचा चौकोन मारून ठेवायचा. याला भिंत धरणं म्हणतात. धरलेल्या भिंतीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. अक्षर मोत्यासारखं, आणि तोंडात मात्र शब्द नाही. चार माणसांत उभा राहिला तर खांबासारखा.

त्याच्याबद्दल मला पहिली खबर लागली ती घोडीमुळे. मी तेव्हा एका पांढऱ्या दंतमंजनाची जाहिरात करत होते आणि पेंटर काळ्या दंतमंजनाची. एका गावात चाचांनी टांगा भिंतीला लागून उभा केला. भिंत ओली होती. घोडीनं अंग घासलं आणि तिच्या पांढऱ्या कुशीवर निळीनं ‘काळे मंजन’ उलटं उमटलं. मी आत चादरीआड, मला काय माहीत! तीन गावं मी घसा फोडून पांढऱ्या मंजनाचं सांगत होते आणि बाहेर घोडी काळ्याची जाहिरात करत होती. पोरं हसत मागे धावत होती, मला वाटलं जाहिरात फारच रंगली.

त्या संतापात मी चादर बाजूला केली आणि टांगा थेट त्याच्या भिंतीपुढे नेला. तो शिडीवर होता.

“ओ पेंटर! आमच्या घोडीवर लिवाचे पैसे कोणी देल्ले तुमाले?”

तो खाली उतरला, घोडीकडे पाहिलं. मला वाटलं माफी मागेल. तर म्हणतो, “अक्षर बिघडलं.”

“अक्षराचं राहू द्या! वाचता येते कोणाले इथं? शंभरातल्या दहाले?”

“बोललेलं वाऱ्यावर जाते,” तो म्हणाला. “भिंत पावसाळ्यापर्यंत राह्यते.”

त्याच्या मानानं हे लांबलचक भाषण होतं. त्यानंतर वर्षभर आमचं हेच चाललं. त्याच्या भिंतीपुढे मी टांगा आडवा लावायचा, माझ्या थांब्यावर त्यानं आधीच भिंत धरून ठेवायची. चाचा म्हणायचे, “बेटी, दुश्मनी में इतना रोज-रोज मिलना ठीक नहीं.” मी चाचांशी दोन दिवस बोलले नाही.

त्या वर्षी काम आटत चाललं. बाईच्या आवाजाला काही व्यापारी बिचकत, काही पेंटरकडे वळले. आणि नेमकी तेव्हा गावाकडून खबर आली. मालकांचा निरोप होता की आवाज गेला तर गेला, डफड्याला कुठे आवाज लागतो, परत ये, तुझी पाळी तुझीच आहे, धान्य मिळत राहील. निरोप मायेनं पाठवलेला होता, हेच जास्त लागलं. कायद्यानं कोणी बळजबरी करू शकत नव्हतं, पण पोटाची बळजबरी कुठल्या कायद्यात बसते? बाबा नुसते पाटीकडे पाहत बसले. मी त्या दिवशी जेवले नाही. दिवाळीपर्यंत मोठं काम मिळालं नाही तर भोंगा बंद आणि बाबा परत त्या ओट्यापुढे, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

आणि आला चहाचा एजंट. गोरापान, घामट, सारखा रुमाल फिरवणारा. नवीन कंपनी, पुड्यातला चहा. मेहकरच्या बाजाराच्या दिवशी सगळ्यांना एक कप फुकट, आणि दोन पुडे घेतले तर चिनी मातीची बशी फुकट. बशी! आमच्याकडच्या बाया बशीसाठी चार कोस चालतील. एजंटनं मला आणि पेंटरला समोरासमोर बसवलं आणि म्हणाला, “गावं अकरा, दोघांनाही तीच. बाजारात येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारणार, ऐकून आलास की वाचून आलास? ज्याचे जास्त, त्याला अख्ख्या जिल्ह्याचं वर्षाचं काम. दुसऱ्यानं घरी बसायचं.”

मी अशी बोलले, अशी बोलले त्या आठवड्यात! बशीची नक्षी न पाहताच सांगितली, काठावर गुलाब आहेत म्हणून. पेंटरनं भिंतीवर बशीच काढली, ताटाएवढी, वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून. ती पाहून मला रात्रभर झोप नाही. जिंकणार हा मुका, असंच वाटत राहिलं.

बाजाराच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, पेंटर आमच्या दारात. पहिल्यांदाच. उंबऱ्याबाहेर उभा, हातात टोपी.

“मी शेगावले गेलतो, निळीसाठी,” तो म्हणाला. “ठेसनावर पारसलात पाह्यलं. चहा आला नाही.”

“येईन ना उद्या.”

“एजंट ज्या लॉजवर उतरतो म्हणला होता, तिथं बी नाही. कोठी गेला कोणाले माहीत नाही.”

माझ्या हातातला तवा खाली पडला. अकरा गावांतली माणसं, बाया-पोरं, घरचं काम टाकून बशीसाठी येणार. आणि बाजारात चहा नाही, बशी नाही, एजंट नाही. असणार कोण? मी. मी घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, आपण कुठेतरी निघून जाऊ, दोन दिवस घराला कुलूप लावू.

बाबा आतून आले. त्यांचा आवाज म्हणजे वाळक्या पानावर पाय पडावा तसा. म्हणाले, “दवंडी खोटी पडली तं परत घ्याची असते. जिथं सांगितली तिथंच. त्याच पायरीवर.” गावात हा रिवाजच होता. खबर चुकली की दवंडीवाल्यानं त्याच वाटेनं पुन्हा फिरून ती मोडायची, नाहीतर मार त्याच्या पाठीवर. बाबांनी तो खाल्ला होता.

“परत घ्याची?” पेंटर म्हणाला. “मले तं अकरा भिंतींवर चुना माराव लागन.”

“मंग मारा!” मी ओरडले. “का बशी तशीच ठेवता? लोक बशी पाहून येतीन आणि माझ्या डोक्यात घालतीन!”

वेळ थोडा, टांगा एकच. म्हणून पेंटर त्याच टांग्यात. पुढे चाचा आणि बॅटरी, मागे मी, चुन्याची बादली, शिडी आणि सुदाम पेंटर. चादर काढून टाकावी लागली, शिडी मावेना. त्यामुळे अकरा गावांनी तो आवाज कोणाचा हे त्या दोन दिवसांत पाहून घेतलं.

जाहिरात करणं कोणीही शिकेल. मोडणं फार कठीण. लोकांना वाटतं तुम्ही काहीतरी लपवता. सुलतानपुरात एक म्हातारी टांग्याला लटकली. “चहा नाही तं नाही माय, बशी तं दे!” जानेफळला काही जण म्हणाले की बश्या शहरातल्या लोकांनी आधीच वाटून घेतल्या असतील, म्हणून आम्हाला येऊ नका सांगतात. दोघं-चौघं टांग्याची वाट अडवून उभे राहिले. तेवढ्यात पेंटरनं त्यांच्यादेखत स्वतःच्या हातची ती ताटाएवढी बशी चुन्यानं पुसायला घेतली. काय सुंदर काढली होती! बाजूला खरंच गुलाब होते, माझं ऐकून त्यानं नंतर काढलेले. कुंचा फिरत गेला आणि माणसं गप्प होत गेली. स्वतःचं चांगलं काम कोणी उगीच पुसत नाही, हे त्यांना पटलं असावं. मला मात्र रडू आलं. त्यानं पाहिलं आणि खिशातला रुमाल दिला. रुमालाला निळीचे डाग, माझं तोंड निळं झालं, चाचा हसून हसून लोटपोट.

शेवटचं गाव आमचं. मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, मीच ठेवलं होतं, टाळता येईल तेवढं टाळावं म्हणून. आणि तिथेच बॅटरी संपली. भोंगा नुसता खरखर करायला लागला. दिवस कलता झालेला.

मालक ओट्यावर बसले होते. म्हणाले, “इंदू ना तू? भोंगा मेला वाट्टे. तुह्या बापाले बोलाव. हे काम त्याचंच होय. डफडं अजून इथंच हाये.” वाईट बोलले नाहीत, हसून बोलले. मी जर आता नुसती निघून गेले असते तर उद्या गाव बाजारात आलं असतं, आणि बाबांना कळलं असतं तर ते स्वतः त्या पायरीवर येऊन उभे राहिले असते. शब्दाचे पक्के ते.

मी टांग्यातून उतरले आणि घरोघर निघाले. प्रत्येक दारात उभं राहून उघड्या तोंडानं, “उद्या बाजारात चहा नाही, बशी नाही, येऊ नका.” चाळीसेक घरांनंतर घसा फुटला. मला धडकी भरली की बाबांसारखा माझाही गेला. तेव्हा मागून एक फाटका, पत्र्यासारखा आवाज आला, “चहा नाही! बशी नाही!” पेंटर! एवढं मोठं वाक्य त्या माणसानं जन्मात ओरडलं नसेल. मान लाल, डोळे मिटलेले. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण ऐकत होत्या.

मालकांच्या ओट्यापुढे आलो. पेंटर बोलायला लागला, मी त्याचा हात धरून थांबवलं. भर गावात, परक्या पुरुषाचा हात! उरलासुरला आवाज गोळा करून मी म्हणाले, “उद्या बाजारात चहा येणार नाही. आणि माझ्या बापानं गावकी सोडली, ते बी परत येणार नाही. दोन्ही खबरा ऐकून ठेवा.”

मालक ओट्यावरून उठले. मग म्हणाले, “ऐकलं.” आणि आत गेले.

आता पुढचं ऐका आणि हसा. बाजाराच्या दिवशी सकाळी चहा आला! एजंटनं माल रेल्वेनं पाठवायचं रद्द करून जालन्याकडून ट्रकनं आणला होता आणि आम्हाला सांगायची तसदीच घेतली नव्हती. पेंढ्यात गुंडाळलेल्या बश्या, उकळतं पाणी, आणि समोर कोणी नाही. अकरा गावांतून एक माणूस आला नाही. एवढी यशस्वी जाहिरात मी आयुष्यात कधी केली नाही.

एजंट लालबुंद. “कोणाची ही अक्कल? कोणाच्या डोक्यातून निघालं हे?” त्यानं रुमाल आपटला. “ज्याची असेल त्यानं पुन्हा माझ्यापुढे यायचं नाही. दुसऱ्याला वर्षाचं काम देतो, आत्ता. बोला!”

अक्कल आमच्या घरची होती. पेंटर तर निरोप सांगायला आला होता फक्त. मी तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढे तो ओटा आला. बोलले तर काम गेलं, भोंगा गेला, आणि मी गावात एवढी छाती काढून सांगितलेली खबरही खोटी पडली. मी तोंड मिटलं. दहा-बारा श्वास गेले असतील.

“माझी,” पेंटर म्हणाला. शिडी खांद्यावर टाकली आणि चालू लागला. मी काही बोलले नाही. एजंट मला म्हणाला, “उद्या सकाळी लॉजवर या, कागद करू.” मी मान हलवली.

घरी येऊन बाबांना सांगितलं की काम मिळालं. त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, “अक्कल तं आपली होती. तो काऊन गेला मंग?”

मी पातेली इकडची तिकडे करत राहिले.

“यापरीस गावकी बरी,” बाबा म्हणाले. “तिथं शब्द दुसऱ्याचा होता, पण पाठ मी माझी देत होतो.”

त्यांनी रागानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. ते थकून म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळा जन्म मी भीतीपोटी चुका केल्या, पण त्या दहा-बारा श्वासांची खंत आजही जात नाही.

सकाळी लॉजवर गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, “अक्कल माझी होती, साहेब. काम पेंटरले द्या.” एजंट खोक्यांच्या राशीत डोकं धरून बसला होता. त्यानं पेंटरला बोलावणं पाठवलं. पेंटर आला, ऐकून घेतलं, आणि म्हणाला, “मी एकटा घेत नाही. वाचता येते कोणाले तिकडं? शंभरातल्या दहाले.”

माझंच वाक्य! मला हसावं की रडावं कळेना. एजंटनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. शेवटी तोही पोटार्थी माणूस. म्हणाला, “दोघं मिळून जा आणि सांगा माल आला म्हणून. पुढच्या बाजारी खपला तर काम दोघांना. नाही खपला तर तुम्ही दोघंही गेलात आणि मीही गेलो.”

पुन्हा तो टांगा, पुन्हा ती बादली, पुन्हा अकरा गावं. आधी येतो म्हणाले, मग येत नाही म्हणाले, आता पुन्हा येतो, लोक दगड मारतील असं मी चाचांना सारखी सांगत होते. वाटेत पेंटरला विचारलं, “तुम्ही काऊन बोलले ‘माझी’ म्हणून?”

“ओट्यापुढं तू जे बोलली ते खोटं पडू द्याचं नव्हतं,” तो म्हणाला. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालेलं माझ्या नंतर लक्षात आलं.

दगड कोणी मारले नाहीत. नाही म्हणून सांगायला आलेली पोरगी आहे म्हटल्यावर तिच्या ‘आहे’वर लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवला. पुढच्या बाजारी बश्या दुपारपर्यंत संपल्या. एजंटनं काही जणांना विचारलंही, ऐकून आलात की वाचून? सुलतानपूरची ती म्हातारी म्हणाली, “त्या दोघाईले पाहून आली.”

तिथूनच नवी काळजी सुरू झाली. एका उघड्या टांग्यात तरणा माणूस आणि तरणी पोरगी, खेड्याखेड्यांतून, एकदा नाही दोनदा. लोक चहाचं विसरले आणि आमचं बोलायला लागले. बाबांना बाजारात माणसं थांबवून लग्नाची तारीख विचारायची. बाबांनी एका संध्याकाळी पेंटरला बोलावलं. चाचा अंगणात घोडी सोडत होते.

बाबा म्हणाले, “पेंटर, अकरा गावांत खबर फिरून राह्यली हाये. खोटी असन तं परत घ्या. रिवाज तुमाले माहीत हाये.”

पेंटर नेहमीसारखा खांब. मग म्हणाला, “मी पुन्हा चुना मारत नाही.”

मला त्याचा अर्थ कळला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. “मले कोणी इचारलं का?” मी म्हणाले. आणि एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. “बाजारात मी गप राहिली ते विसरले का तुम्ही? मी भित्री हावो. धसका बसला की मले माणूस दिसत नाही. उद्या पुन्हा गप राहीन. तुमाले पुन्हा तोंडघशी पाडीन. कायले घेता असली बाई?”

“तू गप राहशीन तवा मी बोलीन,” पेंटर म्हणाला. “दुसऱ्या दिवशी तू येशीनच ना सांगाले. आली होती.”

मी काहीतरी म्हणाले. म्हणाले ते मलाच ऐकू आलं नाही.

“काय?” पेंटर.

मी पुन्हा म्हणाले.

“ऐकू नाही आलं.”

“हाव, हो म्हटलं ना!” मी किंचाळलेच. शेजारची दारं उघडली. घोडी बिचकली. चाचांनी लगाम पुन्हा हातात घेतला आणि विचारलं, “बेटी, कितने गाँव में सुनाना है?”

बाबा हसले. घशातून आवाज निघाला नाही, पण खांदे हलत होते. मग अंगावर कोट चढवायला उठले आणि म्हणाले, “आपल्या गावापासून सुरू करा. मी बी येतो टांग्यात.”